गरीब या शब्दापाशी

इस्लामी इतिहास आणि विचार या विषयात पीएच.डी. करायचे ठरवून मी संशोधनाचा आराखडा समितीपुढे मांडला, तेव्हा त्याच्या शीर्षकात एक नाव होते : शेख बुऱ्हानुद्दीन गरीब. चौदाव्या शतकातले, चिश्ती या सूफी परंपरेतले हे संत खुलताबादला चिरविश्रांती घेत आहेत, आणि त्यांच्या भोवतीच्या मंडळींनी लिहून ठेवलेली फार्सी संभाषणे हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारले, "यांना गरीब का म्हणत?" मी क्षणाचाही विचार न करता सांगितले की सूफी अपरिग्रही असत, पैसा जवळ ठेवत नसत, म्हणून गरीब. उत्तर सर्वांना पटले आणि आराखडा मंजूर झाला. ते उत्तर चुकीचे होते हे मला पाच महिन्यांनी कळले, आणि गेली चार वर्षे मी जे काही शिकते आहे त्याची खरी सुरुवात त्या चुकीपासून झाली असे मी मानते.

अरबीत 'गरीब' म्हणजे परका. आपल्या माणसांपासून आणि आपल्या गावापासून तुटलेला, अनोळखी मुलखात वावरणारा. ज्या धातूपासून हा शब्द येतो त्याच धातूपासून सूर्यास्ताला 'गुरूब', पश्चिमेला 'गर्ब' आणि सूर्यास्तानंतरच्या नमाजाला 'मगरिब' हे शब्द आले आहेत. दूर जाणे, नजरेआड होणे हा अर्थ त्या सगळ्यांच्या मुळाशी आहे. पैशाअडक्याशी त्याचा मुळात संबंध नाही. 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात पैगंबरांचे एक वचन आहे, त्याचा आशय असा की इस्लामची सुरुवात परका म्हणून झाली, तो पुन्हा तसाच परका होईल, आणि जे परके आहेत ते धन्य. बुखारींच्या संग्रहातल्या दुसऱ्या एका वचनात सांगितले आहे की या जगात परक्यासारखा किंवा वाटसरूसारखा राहा. ज्यांच्या कानावर ही वचने लहानपणापासून पडली होती, त्यांना 'गरीब' ही उपाधी ऐकताच काय आठवत असेल, हे समजून न घेता मी त्या माणसावर प्रबंध लिहायला निघाले होते.

शेखांची वचने आणि आठवणी प्रामुख्याने काशानी घराण्यातल्या भावांनी लिहून ठेवल्या. त्यांतले रुक्नुद्दीन पेशाने दबीर, म्हणजे दफ्तरातले लेखनिक होते. आपल्याकडचे डबीर हे आडनाव आणि शिवकाळातले डबीर हे पद त्याच शब्दातून आले. रुक्नुद्दीनांनी 'नफाइस-उल-अन्फास' लिहिले, हम्मादांनी शेखांची वचने विषयवार लावून 'अहसन-उल-अक्वाल' तयार केले, आणि मज्दुद्दीनांनी शेखांच्या करामतींचे, म्हणजे चमत्कारांचे, दोन संग्रह केले, त्यांची नावे 'गराइब-उल-करामात' आणि 'बकियत-उल-गराइब'. 'गराइब' म्हणजे नवलाच्या, दुर्मिळ गोष्टी. जे परके असते ते नवलाचेही असते, म्हणून अरबीत हा अर्थही त्याच शब्दात आहे, आणि मज्दुद्दीनांनी आपल्या गुरूच्या उपाधीवर जाणूनबुजून हा श्लेष साधला आहे. गरीबचा अर्थ निर्धन एवढाच धरला तर या दोन्ही शीर्षकांतला प्रेमाचा भाग आपल्याला ऐकूच येत नाही.

हे कळल्यावर मी लगेच दुसरी चूक केली. महंमद तुघलकाने १३२७च्या सुमारास देवगिरीचे दौलताबाद करून दिल्लीतल्या प्रतिष्ठित मंडळींना दक्षिणेत हलवले, हे शाळेपासून आपण वाचत आलो आहोत. त्या स्थलांतराचे दुःख इसामी या कवीने १३५०मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या काव्यात सांगितले आहे. त्याचे नव्वद वर्षांचे आजोबा दिल्लीहून निघाल्यावर पहिल्याच मुक्कामी, तिलपतला वारले. बुऱ्हानुद्दीनही त्याच काळात दिल्लीहून दौलताबादेला आले. तेव्हा मी पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात लिहिले की परमुलखात येऊन पडल्यामुळेच त्यांना 'गरीब' म्हणू लागले. वाक्य फार सुरेख जमले होते. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला : "आधार?" माझ्याकडे आधार नव्हता. उपाधीचा अर्थ आणि त्या माणसाच्या आयुष्यातली घटना एकमेकांना इतकी चपखल बसत होती की ती जोडणी कोणी केली, हा प्रश्न मला पडलाच नाही. ती मी केली होती.

फार्सी मी वयाच्या सव्विसाव्या वर्षी शिकायला लागले. आमचे घर मराठवाड्यातले. आजोबांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दूतून झालेले, त्यामुळे सातबाऱ्याची जुनी कागदपत्रे ते उर्दूत वाचत आणि हिशेब फसली सालात सांगत. त्यांच्या ट्रंकेत एक उर्दूचे क्रमिक पुस्तक होते. त्याच्यावरून मी अक्षरे गिरवली. पुढे एका वृद्ध मौलवीसाहेबांकडे तीन वर्षे रोज सकाळी जात असे. ते मला "बेटा" म्हणत आणि माझ्या उच्चारांबाबत जराही सवलत देत नसत. माझ्याजवळ कोश होता तो माधव जूलियन यांचा, म्हणजे माधवराव पटवर्धनांचा, १९२५ साली निघालेला फार्सी-मराठी कोश. कवी म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण फार्सीतून थेट मराठीत जाण्याची वाट त्यांनी करून ठेवली नसती तर माझ्यासारखीला प्रत्येक शब्दासाठी दोन परक्या भाषांतून फिरून यावे लागले असते. सेतुमाधवराव पगडी आणि ग. ह. खरे यांनी फार्सी साधने मराठीत आणण्यासाठी केलेले कष्ट मला या काळात प्रथम कळले, आणि त्यांच्याविषयीची कृतज्ञता दर पानागणिक वाढत गेली.

हस्तलिखितांचा त्रास वेगळाच. नस्तालीक लिपीत लिहिणारा घाईत असला की नुक्ते गाळतो, आणि 'पीर' व 'तीर' यांच्यातला फरक केवळ नुक्त्यांचा असतो. खाली तीन असले तर गुरू, वर दोन असले तर बाण. पण असा घोटाळा निदान डोळ्यांना दिसतो. ओळखीचा शब्द मात्र कोणतीही खूण न देता फसवतो. मराठीत फार्सी आणि अरबी शब्द इतके मुरले आहेत की आपल्याला अर्धी भाषा आधीच येते असे वाटते, आणि मी मराठी माणूस म्हणून जिथे जिथे अडखळले ती बहुतेक ठिकाणे अनोळखी शब्दांची नव्हती. 'हकीकत' म्हणजे घडलेली गोष्ट असे मी वाचत राहिले, तर शेख अंतिम सत्याबद्दल बोलत होते. 'खलिफा' वाचताना मला तालमीतला खलिफा आठवे, नाहीतर बगदादचा. सूफींच्या लेखनात तो गुरूने आपल्यामागे दीक्षा देण्याचा अधिकार दिलेला शिष्य असतो.

यांतल्या एका शब्दापाशी मी सर्वांत जास्त काळ थांबले आहे, तो म्हणजे 'सनद'. एम.ए.ला असताना मी मोडी शिकले होते, त्यामुळे सनद म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे वतनाचा शिक्कामोर्तब केलेला कागद येतो. हदीसशास्त्रात सनद म्हणजे साखळी : अमक्याने तमक्याकडून ऐकले, त्याने आणखी कोणाकडून, असे मागे मागे जात पैगंबरांपर्यंत पोहोचणारी नावे. मूळ अर्थ टेकू, आधार. दुसऱ्या हिजरी शतकातले विद्वान अब्दुल्लाह इब्न मुबारक म्हणत की सनद हा धर्माचाच भाग आहे. ती नसती तर ज्याला जे वाटेल ते त्याने सांगितले असते. या एका गरजेतून एक अख्खे शास्त्र उभे राहिले. साखळीतला प्रत्येक माणूस कोण होता, कुठे राहत होता, ज्याचे नाव तो घेतो त्याला तो भेटणे वयाच्या आणि प्रवासाच्या दृष्टीने शक्य होते का, त्याची स्मरणशक्ती म्हातारपणी कशी होती, हे नोंदवणारे चरित्रकोश शतकानुशतके लिहिले गेले. आणि गंमत म्हणजे साखळीत एखाद्या टप्प्यावर एकच निवेदक उरला असेल, तर त्या हदीसलाही 'गरीब' म्हणतात. एकाकी पडलेली, सोबत नसलेली हदीस.

हे शास्त्र समजून घेतल्यावाचून सूफींची संभाषणे वाचता येत नाहीत, कारण तीही ऐकण्यावर उभी आहेत. त्यांना 'मलफूज' म्हणतात, म्हणजे उच्चारलेले; लफ्ज हा शब्द त्याच घरातला. हिंदुस्थानात या लेखनप्रकाराचा आदर्श घालून दिला अमीर हसन सिजझी यांनी. दिल्लीत बुऱ्हानुद्दीनांचे गुरू निजामुद्दीन औलिया यांच्या १८८ बैठकींचा वृत्तान्त त्यांनी १३०८ ते १३२२ या काळात तारीखवार लिहून ठेवला, तोच 'फवाइद-उल-फुआद'. फवाइद हे आपल्या 'फायदा' या शब्दाचे अनेकवचन. हृदयाला झालेले लाभ. पुढे अमीर हसनही दौलताबादेला आले आणि खुलताबादलाच त्यांची कबर आहे. आपण हे लिहितो आहोत हे त्यांनी शेख निजामुद्दीनांना वर्षभराहून अधिक काळ सांगितले नव्हते. सांगितले तेव्हा शेखांनी कागद मागून घेतले, वाचले, आवडल्याचे सांगितले, आणि काही ठिकाणी मधेच मोकळी जागा सोडलेली पाहून ती का सोडली असे विचारले. अमीर हसन म्हणाले की पुढचे शब्द लक्षात राहिले नाहीत. मग शेखांनी एकेका ठिकाणचा राहिलेला भाग सांगून तो पुरा करून दिला.

हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल याची गणती नाही. जे आठवले नाही ते स्वतःच्या पदरचे घालून पुरे करण्याइतकी प्रतिभा त्या कवीकडे नक्की होती, तरी त्याने जागा कोरी ठेवली. सनदेची शिस्त एखाद्या समाजात किती खोलवर जाते, याचा याहून बोलका पुरावा मला सापडलेला नाही.

अर्थात सगळ्यांनी ती शिस्त पाळली नाही. फवाइदची कीर्ती झाल्यावर जुन्या चिश्ती गुरूंच्या नावावर मलफूजांचे संग्रह फिरू लागले. मुईनुद्दीन, कुतबुद्दीन, फरीदुद्दीन यांच्या तोंडचे शब्द म्हणून ते आजही छापले जातात आणि भक्तिभावाने वाचले जातात. इतिहासकार महंमद हबीब यांनी १९५०मध्ये एका दीर्घ लेखात त्यांची कालविसंगती दाखवून दिली, आणि आता अभ्यासक ते संग्रह मागाहून रचलेले मानतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की हा संशय विसाव्या शतकात प्रथम जन्मला नाही. निजामुद्दीनांचे दिल्लीतले उत्तराधिकारी नसीरुद्दीन चिराग-ए-दिल्ली यांच्यासमोर चौदाव्या शतकातच असा विषय निघाला होता. आपण एकही ग्रंथ लिहिला नाही आणि आपल्या गुरुजनांपैकीही कोणी लिहिला नाही, हे निजामुद्दीनांचे म्हणणे त्यांनी सांगितल्याची नोंद 'खैर-उल-मजालिस' या त्यांच्या मलफूजात आहे. म्हणजे खरे-खोटे तपासण्याची नजर त्या परंपरेजवळ स्वतःची होती. चिकित्सा बाहेरून आणलेली वस्तू आहे आणि आत केवळ श्रद्धा होती, असे जे आपल्याकडे सहज बोलले जाते, त्याने मला आता खरोखर दुःख होते.

सनदेला मर्यादाही आहेत आणि त्या दाखवणाराही याच परंपरेतला. इतिहासकार इब्न खल्दून १३३२मध्ये ट्यूनिसला जन्मला. बुऱ्हानुद्दीन ११ सफर ७३८ रोजी, म्हणजे सप्टेंबर १३३७मध्ये वारले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. 'मुकद्दिमा' या आपल्या ग्रंथाच्या आरंभी तो म्हणतो की इतिहासकार केवळ 'नक्ल'वर विसंबले म्हणून घसरले. नक्ल म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवणे. आपल्या मराठी 'नक्कल'ला जी उणेपणाची छटा आहे ती मूळ शब्दात नाही. इस्रायलींच्या सैन्यात सहा लाख लढवय्ये होते ही परंपरेने आलेली संख्या तो घेतो आणि विचारतो की एवढे सैन्य त्या भूमीत मावेल कसे, एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळेल कसे? सांगणारा विश्वासू आहे का, एवढे विचारून भागत नाही. सांगितलेली गोष्ट माणसांच्या समाजात घडू शकते का, हेही पाहावे लागते. हे दोन प्रश्न हातात घेऊन मी सध्या एका घोंगडीपुढे बसले आहे.

गोष्ट 'सियर-उल-औलिया' या ग्रंथातली. दिल्लीत निजामुद्दीनांच्या हयातीत बुऱ्हानुद्दीन बरेच म्हातारे झाले होते, आणि अशक्तपणामुळे घोंगडीची दुहेरी घडी करून तिच्यावर बसत. दरबाराशी नाते असलेल्या दोघांनी निजामुद्दीनांना जाऊन सांगितले की ते शेखासारखे आसन मांडून बसतात. शेख नाराज झाले. बुऱ्हानुद्दीन भेटीला आले तेव्हा त्यांच्याशी बोलले नाहीत आणि मग निघून जाण्याचा निरोप पाठवला. त्या म्हाताऱ्या शिष्याला इतके दुःख झाले की लोक त्याच्या सांत्वनाला येऊ लागले. अखेर अमीर खुसरो स्वतःचे पागोटे गळ्यात अडकवून अपराध्यासारखे शेखांपुढे उभे राहिले, त्यांनी क्षमा मागितली, आणि ती मिळाली.

एका घोंगडीवरून एवढे का व्हावे, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही, कारण 'गादीवर बसणे' हा प्रयोग आपल्याकडेही आहे. सूफींमध्ये गुरूच्या आसनाला 'सज्जादा' म्हणतात. शब्द सजद्यावरून आलेला, मुळात नमाजाची चटई, पण जो त्या आसनावर बसतो तो सज्जादानशीन, गुरूचा वारस. गुरू हयात असताना शिष्याने बैठक उंच करणे म्हणजे वारशाचा दावा सांगणे. घोंगडीची एक जादा घडी दुखऱ्या हाडांसाठी होती की दाव्यासाठी, हा त्या खोलीतला प्रश्न होता.

आता सनद पाहू. ग्रंथाचे लेखक अमीर खुर्द यांचे घराणे निजामुद्दीनांच्या निकटचे, म्हणजे माहिती जवळची. पण त्यांच्या कुटुंबालाही दौलताबादेला जावे लागले होते, आणि दिल्लीला परतल्यावर फिरोजशाहाच्या काळात, घटनेनंतर काही दशकांनी ते लिहीत होते. तोवर बुऱ्हानुद्दीन जाऊन बराच काळ लोटला होता, आणि दिल्लीत नसीरुद्दीनांचा शब्द प्रमाण मानला गेला होता. इकडे खुलताबादच्या लेखकांच्या दृष्टीने निजामुद्दीनांचा श्रेष्ठ वारस बुऱ्हानुद्दीनच होते. माझा कौल असा आहे की प्रसंग घडला असावा, कारण वयाचे आणि अशक्तपणाचे कारण खुद्द अमीर खुर्दच देतात, आणि ज्याला केवळ बदनामी करायची असेल तो ते देणार नाही; पण बुऱ्हानुद्दीनांच्या सगळ्या आयुष्यातून हाच प्रसंग इतक्या विस्ताराने सांगावासा वाटणे, ही दिल्लीची निवड आहे. हे मत मी चौथ्या प्रकरणात मांडते आहे आणि त्यावर सरांशी माझा वाद अजून चालू आहे. त्यांना वाटते मी निवडीवर जरा जास्त भार टाकते.

खुलताबादला मी वर्षातून तीन-चारदा जाते. वेरूळ पाहून येणारी वाहने तिथे थांबतात, उतरणारे लोक औरंगजेबाची कबर कुठे आहे एवढे विचारतात, आणि ती पाहून पुढे जातात. ती कबर शेख जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात आहे, ते जैनुद्दीन बुऱ्हानुद्दीनांचे शिष्य होते, आणि रस्त्याच्या पलीकडे बुऱ्हानुद्दीन आहेत, हे सांगायला गेले तर ऐकायला कोणी थांबत नाही. ज्यांच्या नावाने तापीकाठी बुऱ्हाणपूर वसले त्या माणसाजवळून इतक्या लोकांनी काहीही न विचारता जावे, याची मला हळहळ वाटते. त्या परिसरात सहाशे-सातशे वर्षांपूर्वी माणसे बसून भूक, राग, पाहुणचार, संगीत, मृत्यू यांविषयी बोलत होती आणि कोणीतरी ते काळजीने टिपून घेत होते. रुक्नुद्दीनांनी 'शमाइल-उल-अत्किया' या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या आरंभी, तो लिहिताना वापरलेल्या पुस्तकांची लांबलचक यादीसुद्धा दिली आहे. आपल्या मातीत चौदाव्या शतकात इतक्या नेकीने काम करणारा अभ्यासक होऊन गेला, ही गोष्ट मला अभिमानाची वाटते.

प्रबंध मराठीत असल्यामुळे 'गरीब'चे काय करायचे हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटत नव्हता. 'परका' म्हटले की त्यात दुरावा येतो, जवळीक जाते. 'अनोळखी' फार कोरडा. 'वाटसरू' हदीसमध्ये वेगळा शब्द म्हणून शेजारीच उभा आहे. शिवाय परका या अर्थापासून निर्धन या अर्थापर्यंत हा शब्द का सरकला, तेही भाषांतरातून दिसायला हवे होते, कारण ज्याच्या पाठीशी कोणी नाही तो परमुलखात दरिद्रीच होतो. मी अनेक दिवस कोश चाळले.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावी शेजारची एक बाई वारली. तिची दोन लहान मुले ओसरीत बसली होती. माझ्या आत्याने त्यांच्याकडे पाहिले आणि ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "माय गेली अन् लेकरं परदेशी झाली गं." मुले त्यांच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओसरीत बसली होती. घरी परतल्यावर मी पहिल्या प्रकरणातली ती रेघ ओढलेली जागा काढली आणि समासात सरांनी लिहिलेल्या 'आधार?'च्या खाली लिहिले : बुऱ्हानुद्दीन परदेशी.